एकशे दहा टक्क्यांची ट्रायल

कोलकात्याच्या चांदनी मार्केटमधल्या दुकानदाराने कार्ड माझ्या हातात देण्याआधी त्याच्या एका स्क्रूवर बोटाने टकटक केलं. स्क्रूच्या डोक्यावर नखाएवढा पांढरा स्टिकर होता आणि त्यावर दुकानाचा शिक्का. "दीदी, सात दिन टेस्टिंग वॉरंटी. पसंद नहीं आया तो वापस. लेकिन ये स्टिकर फटा, तो कार्ड आपका." मी मान डोलावली. मला कार्ड उघडायचं नव्हतंच मुळी. मला ते पळवायचं होतं.

ज्यांना या वस्तूशी कधी काम पडलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला, पडद्यावरची चित्रं रंगवणारा भाग. भारी कार्डं भराभर रंगवतात, स्वस्तातली दमतात. माझं स्वस्तातलं, त्यातही कुणीतरी दोनतीन वर्षं वापरून विकलेलं. पण कंपनीने ठरवून दिलेल्या चालीपेक्षा कार्डाला थोडं जास्त पळवता येतं. कीबोर्डवर बसल्या बसल्या एक आकडा वाढवायचा, आणि ते तग धरतं का ते बघायचं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पोरं हे गेम खेळण्यासाठी करतात. मी चाळिशी उलटलेली बाई, पोटासाठी करत होते.

मी जन्माने कोलकात्याची, खिदिरपूरची. घरात मराठी, जिन्यात बंगाली, बाजारात हिंदी अशी आमची वाटणी लहानपणापासून ठरलेली. सतरा वर्षं एका आयटी कंपनीत काढली, तिथे असतानाच रविवारी रविवारी इमारतींच्या अंतर्गत रचनेचं काम शिकले, आणि गेल्या वर्षी नोकरी सोडली. आता मी न बांधलेल्या जागा कॉम्प्युटरवर उभ्या करते आणि गिऱ्हाइकाला त्यांतून हिंडवून आणते. तयार व्हिडिओ दाखवत नाही. तो म्हणाला डावीकडे, की डावीकडे वळायचं. तो म्हणाला वर, की जिना चढायचा.

बाबांच्या लेखी हा धंदाच नव्हता. त्यांची छत्तीस वर्षं गार्डन रीचला जहाजबांधणीत गेली, त्यातली बहुतेक ट्रायलवर. म्हणजे जहाज तयार झालं की ते मालकाच्या ताब्यात देण्याआधी नदीत, समुद्रात नेऊन त्याचं इंजीन तपासायचं. अशा माणसाला "मी न बांधलेला हॉल दाखवते" हे कसं पटणार? "तुझी चित्रं," म्हणायचे ते. चिडून नाही, अगदी प्रेमाने. त्यामुळे मला जास्तच राग यायचा. आठ महिन्यांत ते एकदाही माझ्या पडद्यासमोर बसले नव्हते.

आणि आता घोडं अडलं होतं ते असं. हावड्याचे एक गृहस्थ होते, ओतकामाचा कारखाना असलेले. त्यांची एक जुनी शेड बंद पडून होती. तिथे कामगारांच्या मुलांसाठी खाली व्यायामशाळा आणि वर वाचनालय करायचं त्यांच्या मनात होतं. शनिवारी सकाळी अकरा वाजता, त्याच शेडमध्ये, मी त्यांना ते दाखवायचं होतं. काम मिळालं तर वर्षभराची निश्चिंती. तोवर माझ्या खात्यात एक दाताचा दवाखाना आणि एक साडीचं दुकान, बस. इकडे जुन्या कंपनीचा निरोप आलेला: परत यायचं असेल तर सोमवारपर्यंत कळवा. बाबांचं मत स्पष्ट होतं. "अजून बोलावतायत तोवर जा," ते म्हणाले. आईने मत दिलं नाही, पण माझे ऑफिसचे कुडते धुवून इस्त्रीला टाकले.

जुनं कार्ड या शेडच्या हॉलपुढे गुडघे टेकत होतं म्हणून हे आणलं. रविवारी सकाळी बसवलं, हॉल उघडला, आणि कोपऱ्यातला आकडा पाहिला. चौपन्न. म्हणजे सेकंदाला चौपन्न चित्रं. मला साठ हवी होती. साठ असली की डोळ्याला चालल्यासारखं वाटतं. चौपन्नला वळताना किंचित हिसका बसतो, आणि त्या साठी गाठलेल्या गृहस्थांना दहा मिनिटांत गरगरायला लागतं. सावल्या कमी केल्या असत्या तर साठ सहज झाली असती. पण त्या शेडचं सगळं रूप सावल्यांतच होतं. छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांमधून दुपारचं ऊन खाली फरशीवर उतरतं, ते मी तीन आठवडे खपून जमवलं होतं. त्याला मी हात लावणार नव्हते.

मग मी केलं काय? कंपनीची चाल बाराशे मेगाहर्ट्झ होती, मी थेट चौदाशे टाकली. दोनशेने एकदम. हॉल उघडला, चार पावलं चालले, आणि भिंतीवर हिरवे-गुलाबी चौकोन उगवले. मग पडदा काळा. मी अशी काही किंचाळले की शेजारच्या खोलीत बाबांना ऐकू गेलं, आणि बाबांना ऐकू जाणं ही साधी गोष्ट नाही. इंजिनांच्या सहवासात त्यांचे कान गेलेत, आणि कानातली यंत्रं टेबलाच्या खणात सुखाने राहतात.

ते दारात येऊन उभे राहिले. "काय झालं?"

"चाल वाढवली, बंद पडलं."

"किती वाढवलीस?"

मी सांगितलं.

त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या एखाद्या जहाजाला भोक पाडलं. "धक्क्यावरून सुटल्या सुटल्या फुल अहेड? वेडी आहेस का? मशीन कुठल्या अवस्थेत आहे ते माहीत नाही, आधी कुणी वापरलं माहीत नाही, आणि तू एकदम..." पुढचं ते बंगालीत बोलले. बाबा कारखान्यातल्या शिव्या बंगालीतच देतात.

सोमवारी सकाळी आंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून, बाबा माझ्या टेबलाशी हजर झाले. हातात फुलस्केप कागद आणि त्यावर पट्टीने आखलेले रकाने: वेळ, चाल, तापमान, आवाज, शेरा. "पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण," ते म्हणाले. "प्रत्येक चालीवर एक तास. दर दहा मिनिटांनी नोंद. सगळं नीट पार पडलं तर शेवटी एकशे दहा टक्के, तेही एक तास. जहाजाचं इंजीन असंच घेतात."

"बाबा, हे कार्ड आहे. याला पाव चालीवर कोण चालवतं?"

"म्हणूनच कुणाला काही कळत नाही."

मी मनातून उकळत होते. शनिवार डोक्यावर आलेला, आणि आम्ही धावायला घेतलेल्या घोड्याला रांगायला लावत होतो. पण आदल्या दिवशी मीच तोंडावर आपटले होते, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. मी हॉलमधून एक ठरलेली फेरी लावून दिली: दारातून आत, मधून चालत पलीकडे, जिन्याने वर, वाचनालय, परत खाली. ती आपोआप होत राहायची. आकडे बाबांच्या फोनवर दिसतील अशी सोय केली, म्हणजे त्यांना पडद्याकडे बघायला नको. ते कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या बाजूला खुर्ची टाकून, फोन आणि घड्याळ घेऊन बसले. मेगाहर्ट्झ हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत उच्चारला नाही. आरपीएमच म्हणत राहिले.

अर्ध्या चालीच्या तासात त्यांनी एकदम हात वर केला. मग उठले, माळ्यावरच्या हत्यारांच्या पेटीतून हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. कॅबिनेटचं पान जरा सरकवून त्याचं टोक त्यांनी कार्डाच्या कडेला, पंख्याजवळ अलगद टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरली. डोळे मिटले. त्या स्क्रूड्रायव्हरमधून त्यांना ते ऐकू येत होतं जे मला चांगल्या कानांनी येत नव्हतं.

"डावा पंखा," ते म्हणाले. "घरघरतोय. बेअरिंग कोरडं पडलंय."

"पंखा आहे, आवाज करणारच."

"उजवा नाही करत." त्यांनी शेरा लिहिला. फुल चालीवर दोन्ही पंख्यांच्या घोंगाटात ही घरघर बुडून जाते, म्हणून अर्धी चाल, असंही मला ऐकवलं. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मंगळवारी पूर्ण चाल झाली. बाराशे, तासभर, काही तक्रार नाही. मग बाबांनी वीस वीसने वर जायला परवानगी दिली, आणि तिथून मला जे काही झालं त्याला मी दुसरा शब्द देणार नाही, मला वेड लागलं. बाराशे वीस: पंचावन्न चित्रं. बाराशे चाळीस: छप्पन्न. प्रत्येक आकड्याला मी खुर्चीतून उठायचे. आई केर काढायला आली तर आम्ही दोघांनी मिळून तिला परत पाठवलं. "तुमचं ते जहाज कधी सुटणार ते सांगा," ती म्हणाली, "म्हणजे मला खालचा कचरा काढता येईल." एका चालीचा तास संपला की बाबा फोन माझ्यासमोर धरायचे आणि मी तो आकडा मोठ्याने वाचायचे. खरंतर त्यांना तो दिसत होता. पण ट्रायलवर आकडा मोठ्याने वाचायचा असतो म्हणे.

बुधवारी दुपारी बाराशे साठवर गाडी अडकली. सुरुवातीची दहा मिनिटं सत्तावन्न चित्रं, मग छप्पन्न, मग पंचावन्न. चाल वाढवूनही कार्ड मागे मागे येत होतं. तापमान त्र्याऐंशी. त्र्याऐंशीला पोचलं की ते आपणहून पाय आखडतं, जळून जाऊ नये म्हणून. मी कॅबिनेटचं एका बाजूचं पान काढलं आणि टेबलफॅन थेट आत सोडला. एक्याऐंशी झालं, वीस मिनिटांनी पुन्हा त्र्याऐंशी. त्यात कोलकात्याचा जून. खोलीतली हवाच आंघोळीच्या पाण्याइतकी गरम होती, फॅन तीच आत ढकलत होता.

मी हताश झाले होते. बाबांनी सोमवारच्या कागदावर बोट ठेवलं. डावा पंखा.

पंख्याला तेल द्यायचं, आतली, उष्णता बाहेर नेणारी, वाळलेली पेस्ट बदलायची, तर कार्ड उघडायला हवं. उघडायचं तर तो स्क्रू काढायला हवा. स्क्रूवर स्टिकर. आणि स्टिकर फाटला की सात दिवसांची सोय संपली. मग कार्ड जसं असेल तसं आपलं. मी दुकानदाराला फोन लावला. म्हटलं, तुमच्यासमोर उघडते, पेस्ट बदलते, तुम्हीच परत स्टिकर लावा. तो हसला. "दीदी, आप वापस कर दो ना, पैसा ले जाओ." दुसरं कार्ड देता का? या किमतीत तेच एक होतं म्हणे.

म्हणजे सरळ हिशेब होता. शनिवारपर्यंत परत केलं तर पैसे सुटतात, पण मग शनिवारी हावड्याला काय दाखवू? उघडलं आणि बिघडलं, तर कार्डही गेलं आणि शनिवारही गेला. मग सोमवारी कंपनीला हो म्हणायचं आणि ते इस्त्रीचे कुडते घालायचे. मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, हे म्हणतील परत कर.

"मशीन तुझं आहे," ते म्हणाले. "मी फक्त नोंद करतो. उघडायचं का ते तू ठरव."

हे मात्र मला अगदी तोंडात मारल्यासारखं झालं. तीन दिवस मी सारखी त्यांच्यावर चिडत होते की हे माझं काम हातात घेऊन बसलेत. आणि आता घेत का नाहीत म्हणून चिडले. गुरुवारी सकाळी मी नखाने त्या स्टिकरचं एक टोक उचललं. तो पापडासारखा तुटला. मी उगाचच दाराकडे पाहिलं, जणू चांदनीतून तो माणूस बघत असेल.

आत धूळ तर इतकी, की एखादी उशी भरून निघावी. ती मी रंगाच्या मऊ कुंचल्याने झाडली. जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसली आणि वाटाण्याएवढी नवी लावली. बाबांनी डावा पंखा हातात घेतला, मधला गोल कागद सोलला, आणि आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आत सोडला. एकच. मी म्हटलं, दोन टाका ना. त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं.

स्क्रू परत लावले, कार्ड जागेवर बसवलं. बटण दाबलं. पडदा लगेच उजळला नाही. तीन सेकंद लागतात त्याला, नेहमीच लागतात, पण ते तीन सेकंद मी कुठे होते कोण जाणे. मग उजळला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

बाराशे साठ. दहा मिनिटं: तापमान अडुसष्ट. वीस मिनिटं: सत्तर. एक तास झाला, तापमान एकाहत्तरच्या वर जाईना, आणि चित्रं अठ्ठावन्नवर ठाम. कालचं त्र्याऐंशी कुठे आणि हे कुठे! बाबांनी पुन्हा स्क्रूड्रायव्हर टेकवला, ऐकलं, आणि तो माझ्या हातात दिला. मीही मूठ कानामागे दाबली. आत दोन्ही पंखे एकाच सुरात चालले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की हा माणूस छत्तीस वर्षं काय ऐकत होता. मला त्यांचा भयंकर हेवा वाटला.

शुक्रवारी एकशे दहा टक्के. बाराशेच्या दहा टक्के वर म्हणजे तेराशे वीस. त्या तासाला बाबा बसले नाहीत. ट्रायलवर या तासाला कुणीच बसत नाही, म्हणाले. मग मीही उभी राहिले. आईने डोकावून पाहिलं, आम्ही दोघं भिंतीला टेकून एका पेटीसमोर उभे. ती हात जोडून निघून गेली. एकसष्ट चित्रं! हॉल वळताना इतका मऊ वळत होता की मी तीच तीच फेरी बघत राहिले. तास पुरा झाला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या आणि बाबांनी घड्याळ बंद केलं.

साहजिकच मला आणखी हवं होतं. तेराशे पन्नास करून पाहिलं. अडतिसाव्या मिनिटाला भिंतीवर तेच हिरवे-गुलाबी चौकोन. "सापडली मर्यादा," बाबा खुशीत म्हणाले, जणू हीच बातमी ते आठवडाभर शोधत होते. "आता उद्या तेराशेवर चालवायचं. ट्रायलचा आकडा ट्रायलपुरता. माणसं घेऊन निघायचं तर त्याच्या खाली."

तेराशेला बरोबर साठ मिळत होती. साठच हवी होती. हे मला पूर्ण पटलं होतं, हे मी लिहून देते.

आणि शनिवारी सकाळी बाबा आंघोळीला गेले असताना मी तेराशे चाळीस केलं. का केलं? एकसष्ट पाहिल्यावर साठ दिसेना झाली, म्हणून. बस, एवढंच कारण. गिऱ्हाइकासमोर जराही हिसका नको, दोन जास्तीची असू देत गाठीला. तेराशे चाळीसची ट्रायल झालीच नव्हती, हे मला माहीत होतं.

टॅक्सीत मागे कॅबिनेट आणि मॉनिटर घेऊन मी, पुढे फुलस्केपची घडी खिशात घालून बाबा. मी त्यांना म्हटलं होतं, नका येऊ, उन्हाचा त्रास होईल. ते म्हणाले, माझं मशीन मी सोडून कधी आलोय? बुधवारी माझं होतं, आज त्यांचं झालं.

शेडवर पत्रे होते आणि पत्र्यांवर ऊन. आत पाय ठेवताच घामाने कपडे अंगाला चिकटले. त्या गृहस्थांनी लांब वायर ओढून वीज आणून ठेवली होती, एक टेबल, दोन खुर्च्या, एक स्टँडफॅन. "बसा दादा," असं त्यांनी बाबांना बंगालीत म्हटलं. बाबा बसले नाहीत, कॅबिनेटच्या बाजूला उभे राहिले.

मी हॉल उघडला. दारातून आत आले. मालक खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्याच शेडमध्ये बसून ते त्यांचीच शेड बघत होते, फक्त तिथे आता कुस्तीची मॅट होती, दोऱ्या होत्या, फरशीवर छपराच्या सावल्या होत्या. "ओदिके चलुन तो," ते म्हणाले, त्या बाजूला चला. मी वळले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि भिंतीवर एक हिरवा चौकोन उगवला. मग पाच. मग सगळी भिंत. मग काळं.

पत्र्याखालच्या जमिनीने फाटून मला आत घ्यावं असं वाटलं. बाबांनी फोनवरचा आकडा पाहिला, मग माझ्याकडे. सगळं त्यांच्या लक्षात आलं.

"तेराशे," ते म्हणाले. एवढंच.

मी मालकांना बंगालीत खरं काय ते सांगितलं. म्हटलं, यंत्राची काही चूक नाही, मी हावरटपणा केला, झेपेल त्याहून जास्त पळवलं. मला तीन मिनिटं द्या. ओतकामाचा माणूस. भट्टी जास्त तापवली की काय होतं हे त्याला काय सांगायचं? ते हसले आणि चहा मागवला. तेराशे टाकलं. साठ.

पुन्हा दारातून आत. हॉल, जिना, वर वाचनालय, खिडकीतून खाली मॅट. ते म्हणतील तिकडे मी नेत होते, आणि कार्ड त्या भट्टीसारख्या हवेत अजिबात अडखळत नव्हतं. पाच मिनिटं, दहा, पंधरा. माझा ऊर असा भरून आला होता की मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. मग सहज बाबांकडे लक्ष गेलं. दर दहा मिनिटांची नोंद होती ना? कागद टेबलावर पडला होता, पेन त्यावर, आणि पहिल्या ओळीनंतर रकाने कोरे. फोन त्यांच्या हातात उलटा होता. ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे होते आणि पडद्याकडे बघत होते.

"जरा मागे घे," ते म्हणाले. "दाराशी."

मी दाराशी आले.

"हे आत का उघडतं?"

मी मान वळवून मराठीत म्हटलं, "बाबा, नंतर." बाहेरून ते तसं छान दिसत होतं, म्हणून आत उघडत होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

"नंतर काय नंतर? आत शंभर पोरं आहेत. काही झालं, सगळी एकदम दाराकडे धावली, तर दार उघडायला मागे सरकायला जागा कुठे आहे? दाराला चिकटून उभी राहतील. ते बाहेरच उघडायला हवं." मोठ्याने, कारण त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही.

मालकांनी विचारलं, "उनि की बोलछेन?" हे काय म्हणतायत?

मी कसलंही भाषांतर करू शकले असते. म्हणू शकले असते की रंग आवडला म्हणतायत. आठ महिन्यांचं काम, वर्षभराची निश्चिंती, आणि एकदा तर पडदा बंद पडलेलाच. मी बाबांकडे पाहिलं. ते अजून त्या दाराकडेच बघत होते, कपाळाला आठ्या घालून, जसे ते खऱ्या दारांकडे बघतात. मी शब्दन् शब्द सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं.

मी तिथल्या तिथे दार फिरवलं. त्याला दोन मिनिटं लागतात. आता ते बाहेर उघडलं.

"चल, आत जाऊन बघू," बाबा म्हणाले.

आत. चित्रात नाही म्हणाले. मी माउस धरून बसले आणि पुढची वीस मिनिटं ते दोघं माझ्या हॉलमधून हिंडले, मालक बंगालीत, बाबा अर्ध्या बंगालीत, वाचनालयातून बाहेर पडायला दुसरा जिना हवा की नको यावर तावातावाने बोलत. मला कुणी काही विचारत नव्हतं, नुसतं इकडे ने, तिकडे ने. मला इतकं सुख कधी झालं नव्हतं. शेवटी मालक माझ्याकडे वळून म्हणाले, मंगळवारी माणसं घेऊन या आणि मापं घ्या. आणि हो, दादांनाही आणा.

टॅक्सी नदीवरच्या सेकंड ब्रिजवर चढली तेव्हा वारा लागला. मी मागे कॅबिनेटला कवटाळून बसले होते. बाबा पुढून, मान न वळवता, अख्ख्या पुलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सोमवारी कंपनीला काय कळवणार आहेस?"

"तुम्ही सांगा," मीही ओरडले.

"कळव, वेळ नाही. सगळी दारं फिरवायची आहेत."